बिनतारी वेलांटी

न वाचता ‘हो’ दाबणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. तसा मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो. तो माझ्या नाकावरच बसलेला असतो, असं सासूबाई म्हणतात. पण ‘हो’ दाबणाऱ्यांवरचा राग मी कमावलेला आहे. तो कसा, तेच सांगते.

मी आंधळी आहे. जन्मापासून. बाहेरची माणसं माझ्यासाठी मोठेमोठे नाजूक शब्द वापरतात, घरात आम्ही आंधळीच म्हणतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. बावीस वर्षं मी एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर होते. ‘थांबा हं, जोडून देते,’ हे मी जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा स्वतःचं नावही घेतलं नसेल. मग रुग्णालयाने एक यंत्र आणलं. ‘अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा.’ आवाज बाईचाच, पण तिला ना सर्दी, ना रजा. या महिन्याच्या शेवटी तुमचं काम संपेल, असं मला फार गोड शब्दांत सांगण्यात आलं.

आमचे हे म्हणाले, ‘बरंच झालं. खूप केलंस. आता आराम कर.’

मला आराम नको होता. बावीस वर्षं मी नुसतं ऐकत आले होते. आता मला वाचायचं होतं, आणि तेही कामाला बसून, लोकांनी ‘बाईंना विचारा’ म्हणावं असं. त्याच आठवड्यात सासूबाईंना वर्तमानपत्रात जाहिरात दिसली. एका जुन्या, नावाजलेल्या प्रकाशनाला मुद्रितशोधक हवा होता. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधणारा माणूस. जागा एकच. वयाची अट पंचेचाळीस. मला चव्वेचाळीस पूर्ण होऊन अकरा महिने झाले होते, म्हणजे ही जागा हुकली की माझ्यापुरता विषय कायमचा संपला.

‘अगं, हे तुझंच काम,’ सासूबाई म्हणाल्या. ‘लग्न होऊन आलीस तेव्हापासून माझ्या प्रत्येक वाक्यातली चूक काढतेयस. तिथे निदान कुणी त्याबद्दल नावं तरी ठेवणार नाही.’

आता आंधळी बाई मुद्रितं तपासणार कशी, हे सांगायला हवं. माझ्याकडे एक पट्टी आहे. कोपरापासून मनगटापर्यंत हात असतो, साधारण तेवढ्या लांबीची चपटी पेटी. तिच्या वरच्या अंगाला चाळीस घरं, आणि प्रत्येक घरात टाचण्यांची बारीक डोकी. कॉम्प्युटरवर जी ओळ असेल ती या टाचण्या वर-खाली होऊन ब्रेलमध्ये उठवतात. त्यावरून बोट फिरवायचं, ओळ वाचायची, कडेचं बटण दाबलं की पुढचा मजकूर. कॉम्प्युटर आणि पट्टी यांच्यात तार लागत नाही. ब्लूटूथने एकदा जोडलं की अक्षरं हवेतून येतात आणि बोटाखाली उभी राहतात. मला याचं अजूनही नवल वाटतं.

कॉम्प्युटर वाचून दाखवतो, मग ऐकूनच का तपासत नाही, असं डोळस माणसं हमखास विचारतात. त्याचं कारण आपली वेलांटी. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे बिचारा. कॉम्प्युटरच्या तोंडून दोन्ही एकच. पहिली वेलांटी की दुसरी, हे कानाला कळत नाही. बोटाला कळतं. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे दोन तिरके ठिपके. दीर्घ ई म्हणजे तेच दोन तिरके ठिपके, फक्त एक पायरी खाली. आकार तोच, जागा वेगळी. एवढ्याशा फरकावर माझी सगळी भिस्त होती.

पट्टी जोडताना कॉम्प्युटर आधी आसपासच्या यंत्रांची यादी दाखवतो. त्यातलं नाव निवडलं की पडद्यावर सहा आकडे येतात, तेच सहा आकडे पट्टीवर उठतात, आणि कॉम्प्युटर विचारतो, जुळतात का? घरी पडद्यावरचं सासूबाई मोठ्याने वाचतात, मी बोटाने ताडून बघते आणि मगच ‘हो’ दाबते. एकदा त्या कंटाळल्या. ‘पहिलं नाव तुझ्या पट्टीचंच असणार, दाब की!’ मी दाबलं. ते नाव वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या नव्या स्पीकरचं होतं. मी आमच्या ह्यांच्यासाठी ‘घोरण्यावर घरगुती उपाय’ शोधत होते. ते सगळेच्या सगळे शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर, मोठ्या आवाजात ऐकवले गेले. हे पुढे आठवडाभर जिन्यातून चोरासारखे उतरत होते. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणायचं नाही.

परीक्षा सकाळी अकराला होती. प्रकाशनाच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर एक लांब खोली, तिला नव्या कागदाचा आणि जुन्या पुस्तकांचा मिळून एक वास. टेबलांवर काचा होत्या. खुर्च्या जड, ओढल्या की किंचाळणाऱ्या. सासूबाईंनी मला जागेवर बसवलं, ‘घाबरू नकोस’ असं स्वतःच घाबरून सांगितलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

उमेदवार सहा. चार डोळस, आणि आंधळे दोघं: मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावर मास्तर. मास्तरांना मी आवाजावरून लगेच ओळखलं. अंध मुलांच्या शाळेत ते गणित शिकवायचे, शाळा बंद पडल्यापासून घरीच होते. मला ज्या संस्थेने पट्टी दिली तिनेच त्यांनाही दिलेली, अगदी तशीच.

‘बाई, तुम्ही पण?’ ते म्हणाले. ‘मग माझं काही खरं नाही.’

‘मास्तर, तुम्ही असं गोड बोलून गाफील ठेवायचं, ते मी ओळखून आहे,’ मी म्हटलं. ते हसले.

परीक्षा घेणाऱ्या संपादिका बाई कमी बोलणाऱ्या होत्या. आवाज कोरडा, एकेक शब्द मोजून टाकलेला. ‘उताऱ्यात तीस चुका आहेत. वेळ एक तास. सापडलेल्या प्रत्येक चुकीला एक गुण. जिथे चूक नाही तिथे दुरुस्ती केलीत, तर एक गुण वजा. कॉम्प्युटरचे आवाज बंद राहतील.’

मी खबरदारी म्हणून पट्टीची तारही आणली होती. ती लावायला कॉम्प्युटरच्या बाजूने बोट फिरवलं, तर भोकाच्या जागी वाळलेला डिंक लागला.

‘ते बंद केलंय,’ डोक्यावरून आवाज आला. हे कॉम्प्युटरसाहेब, कचेरीतली सगळी यंत्रं त्यांच्या ताब्यात. ‘मागे कुणीतरी एका पुस्तकाची अख्खी फाइल पेनड्राइव्हवर घालून पळवली. तेव्हापासून सगळी भोकं बुजवली मी. तुमचं ब्लूटूथने जोडून देतो.’

‘मी जोडते ना,’ मी म्हटलं. ‘तुम्ही फक्त पडद्यावरचे आकडे सांगा.’

‘बसा हो तुम्ही. आमचं रोजचंच आहे.’

मी पट्टी सुरू केली, मास्तरांनीही त्यांची केली. माझ्या बोटाखाली सहा आकडे उठले. चार, शून्य, सात... मी पुढचे वाचत होते तोवर टक् असा आवाज आला आणि आकडे खाली बसले. पलीकडच्या टेबलावर आणखी एक टक्.

‘झालं. दोन्ही जोडली,’ साहेब म्हणाले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. आकडे ताडून बघितलेत का, असं विचारायला मी तोंड उघडलंही होतं. पण संपादिका बाई म्हणाल्या, ‘वेळ सुरू,’ आणि मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली, यावरून त्या नोकरीपायी माझा जीव किती टांगणीला लागला होता ते ओळखा.

बोटाखाली उतारा उभा राहिला. वाचायला मजा येत होती. तिसऱ्या ओळीत पहिली चूक दिसली, ‘परीस्थिती’. कॉम्प्युटरच्या कळांनी तो शब्द शोधून मी तिथेच दुरुस्ती केली. परत बोट फिरवलं. ‘परीस्थिती’ जशीच्या तशी. पुन्हा केली. पुन्हा तेच. यंत्र हळू चालत असेल म्हणून पुढची चूक घेतली. तीही हटायला तयार नाही. आणि तेवढ्यात माझ्या बोटाखालच्या ओळीत, मी काहीही दाबलेलं नसताना, ‘नविन’ या शब्दातले दोन तिरके ठिपके खाली बसले आणि एक पायरी खालून वर आले. ‘नवीन’.

मी ‘नविन’वरून बोट फिरवून पुढे गेले होते. ती चूक मला दिसलीच नव्हती. दुसऱ्या कुणालातरी दिसली होती.

शेजारी मास्तर कळा बडवत होते, आणि हळूच, स्वतःशी, ‘अरे लेका’ म्हणत होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी पट्टी मास्तरांच्या कॉम्प्युटरला जोडलेली होती आणि त्यांची माझ्या. मी वाचत होते त्यांचा उतारा, लिहीत होते माझ्यात. मास्तरही तेच करत होते. आम्ही दोघं मिळून दोन्ही उताऱ्यांचं वाटोळं करत होतो.

खोटं कशाला सांगू, एक विचार मनात येऊन गेला. मास्तर तरबेज माणूस. ते चूक दुरुस्त करतील ती मला आयती बोटाखाली कळेल. मी फक्त ती लक्षात ठेवून माझ्या कॉम्प्युटरवर कशीतरी... विचार एवढाच झाला, आणि मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याने शोधलेली चूक सांगून मी मुद्रितशोधक झाले असते, तर ते टेलिफोनसारखंच झालं असतं. इकडचं तिकडे जोडून द्यायचं. ते मी बावीस वर्षं केलं होतं.

मी उभी राहिले. खुर्ची किंचाळली.

‘परीक्षा थांबवा,’ मी म्हटलं. ‘आम्हा दोघांची यंत्रं उलटी जोडलीयत.’

‘शक्यच नाही,’ कॉम्प्युटरसाहेब म्हणाले. ‘मी स्वतः जोडलीयत.’

‘आकडे जुळवून बघितलेत?’

‘कॉम्प्युटरने विचारलं, मी हो म्हटलं.’

‘वाचून?’

डोळस उमेदवारांपैकी कुणीतरी फिसकन हसलं.

‘दोन यंत्रं एकाच नावाची, एकाच वेळी सुरू केलेली,’ मी म्हटलं. ‘ती ओळखायला तेवढे आकडेच असतात, साहेब. ते काही शोभेला येत नाहीत.’

‘बाई,’ संपादिकांचा आवाज आला, ‘तुम्ही म्हणता ते कशावरून?’

‘मास्तरांना सांगा, काहीही टाइप करा. मला न सांगता. मी वाचून दाखवते.’

मास्तरांच्या कळा वाजू लागल्या, सावकाश. माझ्या बोटाखाली एकेक अक्षर उठत गेलं आणि मी मोठ्याने वाचत गेले. ‘माझा... चहा... कधीचा... गार झालाय... आणि... साहेबांनी... अजून... दुसरा... विचारला नाही.’

पाच-सहा माणसं एकदम हसली. मास्तर म्हणाले, ‘शंभर टक्के बरोबर. एकही चूक नाही.’

कॉम्प्युटरसाहेबांचा आवाज आता चांगलाच उतरला होता. ‘मॅडम, यात फार वेळ जाईल. या दोघांना पुढच्या भरतीला बोलवू. नाहीतर ऐकून परीक्षा देऊ देत, मी आवाज सुरू करतो.’

पुढच्या भरतीला मी पंचेचाळीस ओलांडलेली असणार होते. तेव्हा मला जो राग आला तो सासूबाईंनी ऐकला असता तर त्यांनाही धन्य वाटलं असतं.

‘ऐकून?’ मी म्हटलं. ‘साहेब, मी एक शब्द म्हणते. दिन. कुठली वेलांटी?’

‘पहिली... म्हणजे, कशाबद्दल म्हणताय त्यावर आहे.’

‘मग? तुम्हाला समोर उभं राहून कळत नाही, मला त्या डब्याच्या आवाजातून कसं कळावं? मी मुद्रितशोधक व्हायला आलेय, श्रोता व्हायला नाही. मला पाच मिनिटं द्या. दोन्ही पट्ट्या मी जोडते.’

मग संपादिका बाई म्हणाल्या, ‘द्या त्यांना पाच मिनिटं.’

मी कामाला लागले. आधी दोन्ही पट्ट्या बंद. मग दोन्ही कॉम्प्युटरना जुनी ओळख विसरायला लावली. कळा मला पाठ होत्या, साहेबांना फक्त पडद्यावर काय दिसतंय ते सांगायला लावलं. ‘वाचा. नाही, अंदाजाने नको, वाचा.’ मग फक्त मास्तरांची पट्टी सुरू केली. साहेबांनी आकडे एकेक करून सांगितले, मास्तरांनी एकेकावर ‘आहे’ म्हटलं, आणि सहावा जुळल्यावर मी म्हटलं, ‘आता हो.’ नंतर माझी. दोन, नऊ, नऊ, एक, सहा, तीन. दाबायच्या आधी साहेबांनीच विचारलं, ‘बाई, दाबू?’

‘दाबा.’

माझ्या कळांवर मी एक अक्षर उमटवलं आणि ते माझ्याच बोटाखाली उठलं. साडेतीन मिनिटं लागली होती. मला एवढा आनंद झाला की मी टाळीच वाजवणार होते.

पण नवा पेच होता. आम्ही दोघांनी एकमेकांच्या दुरुस्त्या वाचलेल्या. मी तसं सांगितलं. ‘“नवीन” मास्तरांनी काढलं, मला दिसलं नव्हतं. तो उतारा आता आम्हाला चालणार नाही.’

‘मीही यांचा एक अनुस्वार बघितलाय,’ मास्तर म्हणाले.

संपादिका बाईंनी कपाट उघडल्याचा आवाज आला. ‘आपलं घराच्या देखभालीचं पुस्तक घेऊ. त्याची फाइल तयार आहे, पाचवी आवृत्ती निघतेय. त्यातली दोन पानं काढा,’ त्या साहेबांना म्हणाल्या. पंधरा मिनिटं दोघं कोपऱ्यात बसून त्यात तीस चुका पेरत होते. त्या घालायच्या, साहेब यादीत टिपायचे. बाकीचे चौघं आपापल्या वेळेत पहिला उतारा संपवून बाहेर गेले. मग साहेबांनी ती फाइल नेटवर्कवरून आमच्या दोन्ही कॉम्प्युटरवर पाठवली. या खेपेला त्यांनी मोठ्याने विचारून घेतलं, कुणाच्या यंत्रावर काय आलंय.

तो एक तास माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा तास होता, हे मी अतिशयोक्ती न करता सांगते. गळकी छपरं, ओल, फुगलेले दरवाजे, भिंतींचा गिलावा. विषय रूक्ष, पण मी एकेका अक्षरावरून अशी चालले की घर माझंच आहे. ‘दुरूस्ती’मधला ऊ पकडला. ‘पृष्टभाग’ पकडला. एका ठिकाणी पूर्णविराम दोनदा पडला होता, तो उचलला. चुकीची वेलांटी बोटाखाली आली की तिथे मला पायरी चुकल्यासारखं होई. वेळ संपली तेव्हा माझी बोटं बधिर झाली होती आणि भूक कडकडून लागली होती.

संपादिका बाई यादी घेऊन तपासायला बसल्या. कागदावर पेन्सिल टक् टक् वाजत होती. सासूबाईंनी दार किलकिलं करून ‘झालं का गं?’ असं विचारलं आणि कुणी उत्तर दिलं नाही म्हणून दारातच उभ्या राहिल्या.

‘आधीच्या चौघांत सर्वाधिक सत्तावीस,’ संपादिका बाई म्हणाल्या. ‘मास्तर, तुमच्या एकोणतीस.’

मी खुर्ची पुढे ओढली.

‘बाई, तुमच्याही एकोणतीस.’

जागा एकच होती.

‘पण,’ त्या पुढे म्हणाल्या, ‘तुम्ही एक दुरुस्ती जास्त केलीय. माझ्या यादीत नसलेली. बिनचुकीच्या शब्दाला हात लावला, म्हणजे एक गुण वजा. तुमचे अठ्ठावीस.’

जागा गेली. एका गुणाने. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर ‘आलिया भोगासी’ म्हणून उठली असती. मी विचारलं, ‘कुठला शब्द?’

‘“भिंतीला बारीक चिर पडली तरी दुर्लक्ष करू नये.” तुम्ही “चिर”ला दुसरी वेलांटी दिलीय.’

‘मग बरोबरच दिलीय.’

‘बाई,’ कॉम्प्युटरसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘ते आम्ही पेरलेलं नाही. मूळ पुस्तकातच तसं आहे. चार आवृत्त्या निघाल्यात त्याच्या.’

‘चार वेळा चुकलंय मग,’ मी म्हणाले. ‘पहिल्या वेलांटीचं चिर म्हणजे पुष्कळ काळ टिकणारं. चिरकाल, चिरंतन. भिंतीला पडते ती भेग, ती चीर, दुसऱ्या वेलांटीची. कॉम्प्युटर दोन्ही शब्द बरोबर म्हणून सोडून देतो, कारण दोन्ही शब्द आहेतच. डोळाही सोडून देतो, त्याला वाक्य कळलेलं असतं. माझं बोट सोडत नाही. कोश बघा.’

मग संपादिका बाई उठल्या. कपाटातून काहीतरी जड काढून टेबलावर ठेवलं, काच थरथरली. पानं उलटत राहिली. थांबली. पुन्हा दोन पानं मागे गेली. सासूबाई दारात श्वास रोखून उभ्या होत्या. त्या श्वास रोखतात तेव्हा बांगड्यासुद्धा वाजत नाहीत.

‘मी त्या वाक्यावरून बोट फिरवलं होतं,’ मास्तर हळूच म्हणाले. ‘माझ्या हातून सुटलं. बाईंचं बरोबर आहे.’ त्यांना ती जागा माझ्याएवढीच हवी होती. ते तसं बोलले नसते तरी कुणी त्यांना दोष दिला नसता, आणि मी ते कधी विसरणार नाही.

कोश मिटला.

‘पहिल्या आवृत्तीची मुद्रितं मी तपासली होती,’ संपादिका बाई म्हणाल्या. कोरडा आवाज पहिल्यांदाच जरा ओला झाला होता. ‘माझं या कचेरीतलं पहिलं पुस्तक. त्यानंतर तीन वेळा मी ते वाक्य वाचलंय.’

त्या पुढे काय म्हणणार ते मला कळेना. चूक दाखवलेली कुणाला आवडते? माझा उभा जन्म त्या अनुभवात गेलेला. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

त्यांनी फोन उचलला. तीन आकडे दाबले.

‘छपाई विभाग? देखभालीच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती कुठवर आलीय?... यंत्रावर चढली? उतरवा... हो, आत्ताच्या आत्ता. पान सत्तेचाळीस, एक वेलांटी बदलायचीय... नाही, नाही, एका वेलांटीसाठीच थांबवायचं.’ पलीकडून कुणीतरी बराच वेळ कुरकुरत होतं. ‘नाही. मी नाही काढली,’ संपादिका बाई म्हणाल्या. ‘आमच्या मुद्रितशोधक बाईंनी काढली.’

मला आधी कळलंच नाही, त्या कुणाबद्दल बोलतायत. मग कळलं, आणि मी रडायला लागले. चारचौघांत, परक्या कचेरीत, नाक पुसायला पदरही सापडेना. मास्तरांनी टेबलावर दोनदा थाप मारली. कॉम्प्युटरसाहेब म्हणाले, ‘बाई, अभिनंदन,’ आणि अगदी मनापासून म्हणाले.

‘अगं, रडतेस काय?’ सासूबाई दारातून ओरडल्या. ‘नीट सांग की! लागली का नोकरी?’

‘लागली, आई!’ मी इतक्या जोरात ओरडले, की खाली छपाईत यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाने फोनवरून विचारलं म्हणे, काय झालं वर?